फ्रीज-एसीतला गॅस: कोणता बरा, आणि बाहेर सुटला तर काय?

हिमकण

एसी घेताना तो किती टनांचा, वीज किती खाणार, आवाज करतो का, हे आपण खोदून खोदून विचारतो. आत गॅस कोणता भरलाय हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. आऊटडोअर युनिटच्या लेबलवर ते छापलेलं असतं: आर-२२, आर-४१०ए, आर-३२, क्वचित आर-२९०. किती ग्रॅम भरलाय तेही लिहिलेलं असतं. या नावांमध्ये पर्यावरणाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचं अंतर आहे, म्हणून हा धागा काढतोय.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय आजचा गुंता उलगडत नाही. सुरुवातीच्या फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथिल क्लोराइड असले वायू असायचे. थंड उत्तम करायचे, पण गळले की जिवावर बेतायचं. बर्लिनमधलं एक कुटुंब असंच फ्रीजच्या गळतीने दगावलं. ती बातमी वाचून अस्वस्थ झालेल्या आइन्स्टाइन आणि भौतिकशास्त्रज्ञ लिओ सिलार्ड यांनी १९२६ पासून हलते भागच नसलेला फ्रीज बनवायच्या मागे लागून पेटंटं घेतली. हलता भाग नाही म्हणजे सील नाही, आणि सील नाही म्हणजे गळायला जागा नाही, असा विचार.

पण तो फ्रीज बाजारात यायच्या आधीच रसायनशास्त्राने दुसरी वाट काढली. १९२८ मध्ये थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर-१२ तयार केला. विषारी नाही, पेटत नाही, कशाशी चटकन संयोग पावत नाही. १९३० मध्ये मिजलींनी शास्त्रज्ञांच्या सभेत तो छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. लोकांचे जीव वाचवणारा शोध होता, यात शंका नाही.

घात झाला तो त्याच स्थिरपणाने. आर-१२ हवेत सुमारे शंभर वर्षं टिकतो. खाली कशानेच मोडत नाही, म्हणून हळूहळू वर स्थितांबरात पोचतो. तिथे अतिनील किरणांनी फुटतो, क्लोरीनचा अणू मोकळा होतो आणि तो एक अणू ओझोनचे लाखभर रेणू संपवू शकतो. रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्येच मांडलं होतं. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांना अंटार्क्टिकावरच्या हॅली बे केंद्रावर ओझोनची मोठी घट प्रत्यक्ष मोजलेली सापडली. १९८७ मध्ये असे वायू आटोक्यात आणण्यासाठी मॉन्ट्रियल करार झाला. मग आर-१२ च्या जागी आर-२२ सारखे कमी घातक वायू आले, आणि पुढे क्लोरीन अजिबात नसलेले आर-१३४ए, आर-४१०ए.

ओझोनचं संकट टळलं, पण हे नवे वायू उष्णता अडवण्यात जबरदस्त. कार्बन डायऑक्साइडला १ धरून शंभर वर्षांच्या हिशोबाने आकडे बघा: आर-१२ चा १०,९००, आर-२२ चा १,८१०, आर-१३४ए चा १,४३०, आर-४१०ए चा २,०८८, मोठ्या शीतपेट्यांतल्या आर-४०४ए चा ३,९२२. आर-३२ चा ६७५. प्रोपेन म्हणजे आर-२९० आणि आयसोब्युटेन म्हणजे आर-६००ए यांचा जेमतेम ३. आयपीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या चौथ्या अहवालातले हे आकडे आहेत. नंतरच्या अहवालांत थोडे बदललेत, पण करारांचे हिशोब अजून यांवरच चालतात.

म्हणजे १ किलो आर-४१०ए सुटला तर २ टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. माझं म्हणणं असं की नळीत बंद असेपर्यंत यातला कुठलाच वायू हवामानाला धक्का लावत नाही. त्यामुळे गॅस कोणता आणि तो बाहेर पडतो कसा, या दोन गोष्टी एकत्रच बोलायला हव्यात. आपण बोलतो ते फक्त पहिलीबद्दल.

---

अणुरेणू

चांगला विषय. गॅसच्या नावातला आकडा नुसता अनुक्रमांक नाही, त्यात रेणूची घडण लपलेली असते. ती कशी काढायची ते सांगते, म्हणजे पुढची चर्चा सोपी जाईल.

आकड्यात ९० मिळवायचे. आर-२२ घ्या: २२ अधिक ९०, झाले ११२. पहिला अंक कार्बन, दुसरा हायड्रोजन, तिसरा फ्लोरीन. म्हणजे एक कार्बन, एक हायड्रोजन, दोन फ्लोरीन. कार्बनला चार हात असतात, तीन भरले, उरलेल्या एका हाताला क्लोरीन. आर-१२ चे होतात १०२: हायड्रोजन शून्य, फ्लोरीन दोन, उरलेले दोन क्लोरीन. आर-३२ चे १२२: दोन हायड्रोजन, दोन फ्लोरीन, क्लोरीनला जागाच नाही. आणि आर-२९० चे ३८०: तीन कार्बन, आठ हायड्रोजन. हा सरळ प्रोपेन. ४०० आणि ५०० च्या मालिकांतले आकडे मिश्रणांचे, त्यांना हा नियम लागत नाही. आर-४१०ए म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ निम्मे-निम्मे. ७०० च्या पुढे रेणूचं वजन येतं, म्हणून अमोनिया ७१७ आणि कार्बन डायऑक्साइड ७४४.

आता यातून काय कळतं ते महत्त्वाचं. क्लोरीन असेल तर ओझोनला धोका. फ्लोरीन जितका जास्त तितका रेणू चिवट, आणि कार्बन-फ्लोरीनचा बंध नेमका त्याच पट्ट्यातली उष्णता शोषतो ज्यातून पृथ्वी ती एरवी अवकाशात टाकत असते. हायड्रोजन जितका जास्त तितका रेणू हवेत लवकर मोडतो, पण तितकाच पेट घ्यायला तयार. आर-३२ हवेत पाचेक वर्षं राहतो, आर-१३४ए चौदाएक वर्षं.

न पेटणारा, विष नसलेला, ओझोनला न छेडणारा आणि उष्णताही न अडवणारा, शिवाय थंड नीट करणारा असा रेणू शोधायला गेलं की एक टोक ओढलं की दुसरं सुटतं. पन्नास वर्षं चाललेली गॅसची अदलाबदल ही कंपन्यांची निव्वळ लबाडी आहे असं बरेच जण म्हणतात, ते मला पटत नाही. आवर्तसारणीतच पर्याय मोजके आहेत.

---

नैसर्गिकच

अणुरेणू, रसायनशास्त्र छान समजावलंत, पण पर्याय नाहीत असं नाही. तुम्हीच तर आर-२९० चं नाव घेतलंत.

फ्रीजच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सुटलाय. १९९३ मध्ये जर्मनीत फोरॉन कंपनीने ग्रीनपीसच्या पाठबळाने हायड्रोकार्बनवर चालणारा फ्रीज बाजारात आणला. त्या वेळी बाकीचे उत्पादक म्हणत होते, घराघरांत स्फोट होतील. आज जगभरच्या नव्या घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए सर्रास आहे. एका फ्रीजमध्ये तो असतो किती? बहुधा शंभर ग्रॅमच्या आतच. ज्यांच्याकडे नवा फ्रीज आहे त्यांनी कॉम्प्रेसरवरचं लेबल बघावं.

जे फ्रीजमध्ये जमलं ते एसीत जमत नाही, हे मला मान्य नाही. दर वेळी नवा फ्लोरीनयुक्त वायू आणायचा, त्याचं पेटंट घ्यायचं, वीस वर्षांनी तो वाईट ठरला की पुढचा आणायचा. गाड्यांच्या एसीत आता आर-१२३४वायएफ आलाय. त्याचा आकडा अगदी कमी आहे, हवेत दोनेक आठवड्यांत मोडतो. पण मोडून त्याचं होतं काय? ट्रायफ्लुरोॲसिटिक आम्ल. ते पावसाबरोबर खाली येतं, पाण्यात साठतं, आणि निसर्गात ते मोडण्याचा मार्ग जवळपास नाहीच. २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी चिवट फ्लोरीन रसायनांवर बंदीचा जो प्रस्ताव मांडला, त्यात हे वायूही येतात. पुन्हा तीच चूक करायची का?

---

गेजवाला

नैसर्गिकच, तुमची कळकळ समजते. पण मी रोज गेज (दाबमापक) लावून काम करतो, म्हणून दोन गोष्टी सांगणं भाग आहे.

पेटण्याचं प्रमाण बघा. प्रोपेन हवेत घनमीटरला ३८ ग्रॅम झाला की ठिणगीवर पेटतो. आर-३२ ला त्यासाठी ३०० ग्रॅमच्या वर लागतो, आणि पेटला तरी ज्योत हळू सरकते. म्हणून आर-३२ ला सौम्य ज्वलनशील अशा वेगळ्या वर्गात टाकलंय. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो. फ्रीजमधले साठ ग्रॅम आणि स्प्लिट एसीतले काही शे ग्रॅम यांत फरक आहे. प्रोपेनचे एसी बनतात, चांगले चालतात, वीजही कमी घेतात. पण खोली किती मोठी, युनिट किती उंचीवर, गॅस किती ग्रॅम, याची मर्यादा पाळावी लागते आणि आतले स्विच, रिले ठिणगी न पाडणारे लागतात. ते कारखान्यातच ठरलेलं असतं.

त्यामुळे हात जोडून सांगतो, आर-२२ च्या जुन्या मशीनमध्ये कुणालाही प्रोपेन भरू देऊ नका. दाब जुळतो, तेल जुळतं, थंडही मस्त होतं, म्हणून काही जण भरतात. त्या मशीनची वायरिंग त्यासाठी केलेली नसते. आणि पुढच्या वेळी ज्योतीने नळ्या जोडायला (ब्रेझिंगला) बसणाऱ्या माणसाला आत काय आहे हे ठाऊक नसतं. लेबलवर आर-२२ च लिहिलेलं असतं.

भेसळीचा धोकाही लक्षात ठेवा. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीत कंटेनरांचे कॉम्प्रेसर फुटले, दुरुस्ती करणारी माणसं मेली. आर-१३४ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथिल क्लोराइड मिसळलेलं होतं. त्याचा ॲल्युमिनियमशी संयोग होऊन हवा लागताच पेटणारं द्रव्य तयार होतं. सीलबंद, खात्रीच्या सिलिंडरचा आग्रह धरायचा तो यासाठी.

---

उंबरठा

आर-३२ ला सगळे चांगला म्हणतात, मला त्याबद्दलच शंका आहे. ६७५ हा आकडा शंभर वर्षांचा. पण तो वायू राहतो पाच वर्षं. म्हणजे सगळी उष्णता पहिल्या काही वर्षांतच अडवणार, आणि आपण ती शंभर वर्षांवर पसरून सरासरी काढतोय. वीस वर्षांचा हिशोब धरला तर आर-३२ चा आकडा २,४०० च्या वर जातो. तापमान रोखायचंय ते येत्या दोन-तीन दशकांत. मग शंभर वर्षांचा आकडा मिरवण्यात अर्थ काय?

दुसरं, माझ्याकडे जुना आर-२२ चा एसी आहे. पर्यावरणासाठी तो आजच बदलावा का?

---

हिमकण

उंबरठा, पहिला मुद्दा अगदी रास्त आहे. मात्र वीस वर्षांच्या मापाने आर-४१०ए चा आकडाही दुपटीच्या आसपास जातो, तेव्हा क्रम बदलत नाही, पटीतलं अंतर कमी होतं. आर-३२ ला मी मुक्काम मानत नाही, वाटेतलं ठिकाण मानतो. शिवाय तो त्याच कामाला वजनाने कमी लागतो, आणि एकच रेणू असल्यामुळे पुन्हा गोळा करून शुद्ध करायला सोपा. मिश्रणांचं तसं नाही.

दुसऱ्या प्रश्नासाठी ढोबळ आकडेमोड करू. समजा एसी सरासरी १ किलोवॅट ओढतो आणि वर्षाला १,००० तास चालतो. १,००० युनिट झाले. कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण १ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर वर्षाला १ टन, दहा वर्षांत १० टन. त्यात १ किलो आर-२२ आहे असं धरलं आणि तो एकदा पूर्ण सुटला तर १.८ टन. म्हणजे न गळणाऱ्या मशीनच्या बाबतीत विजेचा वाटा कितीतरी मोठा. पण तेच मशीन दर दोन वर्षांनी गळतंय आणि दर वेळी नवा गॅस भरला जातोय, तर दहा वर्षांत नुसत्या गॅसचे ९ टन होतात आणि हिशोब जवळपास बरोबरीला येतो.

तेव्हा तुमचा एसी गळत नसेल आणि वीज फार खात नसेल, तर चालू द्या. गळत असेल तर गळती काढा. काढता येत नसेल तर बदला, पण जुन्यातला गॅस हवेत सोडू देऊ नका. नवा एसी आणण्याच्या घाईत जुन्यातला सगळा आर-२२ एका दिवसात बाहेर गेला, तर ज्यासाठी बदल केला तेच बिघडलं.

---

वाचनमात्र

एरवी फक्त वाचतो, आज राहवलं नाही म्हणून लिहितोय. आमच्याकडे दर उन्हाळ्याच्या तोंडावर सर्व्हिसिंगला येणारा माणूस सांगतो, गॅस कमी झालाय, टॉपअप करावा लागेल. गॅस वापराने कमी होतो ना? मग दर वर्षी भरणं साहजिकच नाही का?

---

गेजवाला

नाही. हे नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त गॅस याच समजुतीपायी वाया जातो.

गॅस हे इंधन नाही, तो जळत नाही, खर्च होत नाही. आत कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, खोलीतली उष्णता घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून पुन्हा द्रव होतो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ एकच, कुठेतरी भोक आहे.

ते शोधायचं कसं? आऊटडोअर युनिटजवळ दोन तांब्याच्या नळ्या फ्लेअर नटने (नळीचं पसरवलेलं तोंड आवळून धरणाऱ्या नटने) जोडलेल्या असतात. तिथे हात लावून बघा. तेलकट ओल लागली, त्यावर धूळ बसून काळपट थर झाला असेल, तर गळती बहुधा तिथेच. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, गॅस उडून जातो आणि तेल मागे राहतं. मग साबणाचं पाणी लावायचं. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळती असेल तर फेस पांढरा, दाट होऊन एका जागी हळूहळू वाढत जातो. त्याला मिनिट-दोन मिनिटं द्यावी लागतात. घाईने पुसून टाकलं की हुकतं.

इथेही नाही सापडली तर उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, गेजचा काटा उतरतो का बघायचा. जोड दुरुस्त झाला की व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (निर्वात मोजायचं एकक) खाली न्यायचं, पंप बंद करून ते टिकतंय का बघायचं, आणि मग लेबलवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस काट्यावर तोलून भरायचा. नुसता दाब बघून अंदाजाने भरलेला गॅस कमी तरी होतो नाहीतर जास्त, आणि दोन्हीकडे वीज जास्त लागते. आर-४१०ए सारखं मिश्रण सिलिंडरमधून द्रवरूपातच काढायचं.

सर्व्हिसिंगला आलेल्या माणसाला एवढंच विचारा: गळती कुठे आहे? याचं उत्तर नसेल तर टॉपअप करू देऊ नका.

---

शीतगृही

मी अमोनियाच्या प्लांटवर काम करतो, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. वर त्याचं नाव फक्त विष म्हणून आलंय, ते मला खटकलं. अमोनिया ओझोनला काही करत नाही, तापमानवाढीतला त्याचा आकडा शून्य. उणे ३३ अंशांना उकळतो आणि एका किलोत इतकी उष्णता उचलतो की मोठ्या शीतगृहांनी त्याला दीडशे वर्षांत कधी सोडलंच नाही.

तो विषारी आहे, हे खरंच. पण हवेत अगदी थोडा मिसळला तरी वासाने डोळे चुरचुरतात, माणूस तिथे थांबूच शकत नाही. गळती लपत नाही. पॅकिंगमधून किंचित सुटला तरी पाळीवरच्या सगळ्यांना कळतं आणि दुरुस्ती त्याच दिवशी होते. आर-४०४ए ला वास नाही. तिथे शेकडो किलोंचा साठा महिनोन्‌महिने झिरपत राहतो आणि थंडावा कमी पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. अमोनिया तांब्याला खातो म्हणून पाइप पोलादाचे लागतात, डिटेक्टर, वायुवीजन, मास्क, सराव हे सगळं लागतं. घरगुती एसीचा तो वायू नव्हे.

कार्बन डायऑक्साइडही परत येतोय. त्याची अडचण ३१ अंशांची. त्याच्या वर तो कितीही दाबला तरी द्रव होत नाही. बाहेर उन्हाळा असेल तर ९० ते १०० बारच्या दाबावर चालवावा लागतो आणि वीज जास्त जाते. थंड देशांतल्या सुपरमार्केटांत तो चांगला रुळलाय. उष्ण हवामानात इजेक्टरसारख्या सुधारणा करून वापरतात, पण यंत्रणा गुंतागुंतीची होते.

---

उंबरठा

हिशोब पटला. पण जगभर हे करार पाळले जातात का? कागदावर सह्या करायच्या आणि मागच्या दाराने उत्पादन चालू ठेवायचं, असं होत नसेल कशावरून?

---

हिमकण

झालंय तसं, आणि पकडलंही गेलंय. आर-११ (हाही आर-१२ सारखाच क्लोरीनवाला वायू) याचं उत्पादन २०१० पासून जगभर बंद असायला हवं होतं. २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हवेतलं त्याचं प्रमाण अपेक्षेइतक्या वेगाने घटत नाही, म्हणजे कुणीतरी नव्याने सोडतंय. पुढच्याच वर्षी कोरिया आणि जपानमधल्या केंद्रांच्या मोजमापांवरून वाढीचा मोठा भाग पूर्व चीनमधून येतोय हे उघड झालं. फोम बनवायला तो वापरत होते. बभ्रा झाल्यावर कारवाई झाली आणि उत्सर्जन पुन्हा खाली आलं. हवेचे नमुने खोटं बोलत नाहीत, आणि माझा या करारावर विश्वास आहे तो या मोजणीमुळे.

जगातला प्रत्येक देश मॉन्ट्रियल करारात आहे. २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत त्याला जोड दिली गेली ती या उष्णता अडवणाऱ्या वायूंसाठीच. विकसित देशांनी २०३६ पर्यंत ८५ टक्के कपात करायची, विकसनशील देशांना गटांनुसार २०४५ आणि २०४७ पर्यंत मुदत. पूर्ण पाळलं तर शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंत तापमानवाढ टळू शकते. ओझोनचं म्हणाल तर आत्ताच्या धोरणांनुसार बहुतेक जगावर तो २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीला येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास.

पण करार उत्पादन आणि वापराला बांधतो. आधीच मशीनमध्ये भरलेल्या गॅसचं काय, हे बऱ्याच अंशी मोकळंच राहिलंय. जुना फ्रीज भंगारात गेला की पहिल्यांदा तांब्याची नळी कापतात. फस्सकन आवाज होतो आणि संपलं. जुन्या फ्रीजच्या भिंतींतल्या फोममध्येही आर-११ अडकलेला असतो, तो पत्रा सोलताना सुटतो. हा साठा गोळा करून शुद्ध करायला किंवा भट्टीत नष्ट करायला तंत्र आहे, यंत्रं आहेत. गोळा करणाऱ्याला मोबदला मिळेल अशी व्यवस्था फार कमी ठिकाणी आहे. माझ्या मते नवा गॅस कोणता यावर जितकी डोकेफोड होते, तिच्या निम्मी जरी इथे झाली तरी फायदा लवकर दिसेल.

---

वाचनमात्र

गेजवाला, धन्यवाद. तेलकट डाग खरंच आहे, जाड नळीच्या नटपाशी. आता आम्ही जागा बदलतोय, एसी काढून दुसरीकडे बसवायचाय. त्यात आहे तो गॅस वाचवता येतो का?

---

गेजवाला

येतो, आणि वाचवायलाच हवा. काढायला येणाऱ्याला आधीच सांगा की पंप डाऊन करून काढायचा.

एसी कूलिंगवर चालू ठेवतात, इन्व्हर्टर असेल तर टेस्ट मोडवर. जाड नळीच्या सर्व्हिस पोर्टला गेज लावतात. मग बारीक नळीचा व्हॉल्व्ह ॲलन कीने पूर्ण बंद करतात. कॉम्प्रेसर आतला गॅस खेचून बाहेरच्या युनिटमध्ये साठवत राहतो, काटा उतरत जातो. शून्याच्या जवळ आला की जाड नळीचा व्हॉल्व्हही बंद करायचा आणि लगेच एसी बंद. हे सगळं थोड्या मिनिटांत होतं. नंतर नट सोडला की किरकोळ सुस्कारा येतो, बाकी गॅस युनिटमध्ये सुरक्षित.

तुमच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्या. जाड नळीचा नट गळतोय. काटा शून्याच्या खाली गेला तर तिथून हवा आत ओढली जाईल. हवा आणि तेल कॉम्प्रेसरमध्ये दाबलं गेलं तर स्फोट होऊ शकतो. म्हणून आधी तो नट बरोबर पान्याने आवळून साबणाच्या पाण्याने तपासायचा, फुगे थांबले तरच पंप डाऊन. थांबत नसतील तर कॉम्प्रेसर न चालवता रिकव्हरी मशीनने गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायला सांगा. नव्या जागी दोन्ही फ्लेअर नव्याने काढायला लावा, जुन्या चेपलेल्या तोंडावर नट पुन्हा बसवू देऊ नका. आणि व्हॅक्यूम केल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडायचे नाहीत.